झाकणातल्या दोन खाचा

तासगावहून उगवतीला निघालं की बोरबनवाडीच्या फाट्यावर पत्र्याचं एक शेड लागतं. वर परवापरवापर्यंत पाटी होती, 'अर्जुना मोटार रिवायंडिंग वर्क्स'. पाटी रंगवून पंधरा वर्षं झाली होती, पण ज्याचं नाव तिच्यावर होतं त्या अर्जुनानं जन्मात एक कॉईल भरली नाही. त्याला मोटारीतल्या तारेपेक्षा द्राक्षाच्या मांडवाची तार जास्त कळते. मोटारी भरते ती त्याची बायको, भामाबाई. नवखं गिऱ्हाईक आलं की पोत्यावर बसून मोटारीच्या पोटात मान घातलेल्या या बाईकडं बघायचं आणि विचारायचं, मिस्त्री कुठं गेलं? भामाबाई मान न उचलता हातातली लाकडी हातोडी वर करायची.

"पाटीवर हाईत. काम आसंल तर हितं बोला."

तिचं माहेर औंधाच्या खालच्या अंगाला, यमाईचा डोंगर दिसेल एवढ्या अंतरावर. बाप मेंढरं राखायचा. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून कृष्णाकाठाला उतरायचं, आणि मिरगाच्या तोंडाला परत फिरायचं. वाटेत चार जणांचे कळप एका रानात बसले की मेंढरं एकमेकांत घुसायची आणि सकाळी कुणाचं कुठलं यावरनं काठ्या निघायच्या. म्हणून बाप दर कोकराच्या कानाला कात्रीनं खाच पाडायचा. कोकरू मांडीत धरायचं काम भामाचं. कोकरू ओरडायचं, हात रक्तानं भरायचा, बाप त्यावर हळद दाबायचा आणि म्हणायचा, माणूस इसरतं, कान इसरत न्हाई.

लग्न झालं तेव्हा अर्जुना कुपवाडच्या एका कारखान्यात मालाच्या गाड्या भरायला होता. भामाबाईनं शेजारच्या मोटारीच्या वर्कशॉपात झाडायचं काम धरलं. झाडता झाडता तिचं लक्ष कॉईल भरणाऱ्यांच्या हाताकडं. तांब्याची तार ओढायची कशी, सोडायची किती, यात ते पुरुष चुकायचे आणि तार तुटायची. भामाबाईनं लहानपणापासनं चालता चालता लोकर कातलेली. धाग्याला कुठं ताण द्यायचा हे तिच्या बोटांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एकदा मिस्त्री चहाला गेला तेव्हा तिनं झाडू ठेवला आणि अर्धी राहिलेली कॉईल पुरी केली. मिस्त्रीनं परत येऊन शिवी दिली, कॉईल तपासली, आणि दुसऱ्या दिवसापासनं झाडायला दुसरी बाई बघितली. बारा वर्षं तिनं तिथं काढली. मग सासरा थकला, रान पडून राहायला लागलं, तसे दोघं बोरबनवाडीला परतले आणि फाट्यावर शेड पडलं. पाटी रंगवणाऱ्यानं नाव विचारलं तेव्हा सासऱ्यानं लेकाचं सांगितलं. भामाबाईनं तेव्हा हुज्जत घातली नाही. मोटारी काही पाटी वाचून जळत नव्हत्या.

आता खरी गोष्ट सांगायची तर तिच्या लबाडीपासनं सांगायला पाहिजे.

त्या काळात शेतीच्या विजेचा आकार मोटारीच्या अश्वशक्तीवर लागायचा, आणि अश्वशक्ती म्हणजे मोटारीवर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्टीवरचा आकडा. त्यामुळं शेतकरी मोटार आणून टाकायचा आणि म्हणायचा, पट्टी पाचाचीच राहू द्या, आतनं साडेसाताचा जीव भरा. वेढे कमी करायचे, तार जाड घालायची. मोटार वीज जास्त ओढते, पाणी जास्त फेकते आणि तापतेही जास्त. भामाबाईनं भरली. तिनं नाही भरली तर मोटार तासगावला जाणार हे तिला ठाऊक होतं. मी काय धुतल्या तांदळासारखी न्हाई, हे ती आजही सांगते.

पण जळून परत आलेली मोटार उघडायच्या आधी आत काय भरलंय ते कळायला पाहिजे. म्हणून तिनं बापाची रीत धरली. कनेक्शनवरचं जे लोखंडी झाकण असतं, त्याच्या आतल्या काठाला कानसीनं खाच पाडायची. पट्टीवर आहे तेवढंच आत भरलं असेल तर एक खाच. पट्टीपेक्षा जादा भरलं असेल तर दोन. बघणाऱ्याला वाटायचं, पान्ह्याचा ओरखडा आहे.

असं करता करता गावच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, एकोणीस मोटारी झाल्या आणि त्यातल्या चौदांच्या झाकणात दोन खाचा. त्यात एक तिची स्वतःची.

डीपी कागदावरच्या भाराचा. त्याच्यावर ओझं पडायचं भलतंच. दर उन्हाळ्यात तेल उकळून तो जळायचा आणि द्राक्षाला पाणी पाहिजे तेव्हाच गाव आठ-आठ दिवस बसून राहायचं. लाईनच्या शेवटाला अर्जुनाचा चुलतभाऊ बिराप्पा. त्याच्यापर्यंत वीज पोचेपर्यंत तिच्यात दम राहायचा नाही. मोटार नुसती मधमाशीसारखी गुणगुणायची, फिरायची नाही, आणि तशीच जळायची. एका उन्हाळ्यात त्यानं तीन वेळा मोटार आणली. चौथ्यांदा ट्रॉलीतनं उतरवताना म्हणाला, वैनी, औंदा अजून जरा जाड तार घाला की.

भामाबाईच्या हातात तेव्हा त्याच मोटारीचं झाकण होतं. दोन खाचा. जाड तारेनं वीज खाल्ली म्हणून बिराप्पाला मिळत नव्हती, आणि मिळत नव्हती म्हणून तो अजून जाड तार मागत होता. सगळं गाव असंच एकमेकांच्या ताटातलं ओढत होतं आणि ओढायचे हात तिनं आपल्या हातानं भरून दिले होते. त्या दिवशी तिनं बिराप्पाची मोटार पट्टीप्रमाणं भरली आणि झाकणाला नवी, एकच खाच पाडली. जुन्या दोन कानसीनं सपाट केल्या. बिराप्पाला सांगितलं, आता मी पट्टीबाहेर भरणार न्हाई. ज्याला पायजे त्यानं तासगाव गाठावं. निम्म्यांनी गाठलंही.

सरकार मधनंअधनं यायचं. एकदा कमी वीज खाणारे बल्ब आले, ते लोकांनी घेतले, कारण उजेड पडला. मग मोटारीला लावायचे कपॅसिटर आले. त्यानं विजेची गळती थांबते आणि डीपीवरचा ताण उतरतो, हे गावात खरं कळलं एकट्या भामाबाईला. बाकीच्यांनी आठवड्यात ते काढून टाकले. सुभेदार कृष्णात पाटलांनी तर आतला माल फेकून डबा तेवढा ठेवला, तंबाखूला.

सुभेदार म्हणजे गावातला मोठा बागायतदार. फौजेतनं येऊन वीस वर्षं झाली तरी चालताना पाय आपटायचे. डीपीला लागून पहिली विहीर त्यांची आणि तिच्यावर पट्टीला साडेसात आणि आत दहाची मोटार. लाईनीतल्या विजेचा पहिला घोट त्यांचा.

मग गेल्या वर्षी बातमी आली की गावच्या माळावर सोलरच्या प्लेटा बसणार आणि शेतीच्या लाईनीला दिवसा वीज मिळणार. रातच्याला बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला जाणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड बातमी नाही. ग्रामसभेत आलेल्या साहेबांनी सांगितलं की आधी एकेक मोटार लिहून घेणार, त्या बेरजेवर नवा डीपी आणि प्लेटा किती ते ठरणार. टाळ्या पडल्या. भामाबाई बायकांत मागं बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. पट्ट्या वाचून बेरीज केली तर नवी वीजही जुन्याइतकीच तोकडी पडणार होती. सूर्याची झाली तरी बिराप्पाची मोटार गुणगुणतच राहणार, फरक एवढाच की दिवसाउजेडी.

दोन दिवसांनी सुभेदारांनी आपल्या बेदाण्याच्या शेडात बैठक घेतली. कुणी झाकण उघडायचं नाही, पट्टीवर आहे तेच खरं, असं ठरलं. खरं सांगितलं तर मागच्या सगळ्या वर्षांचा दंड बसेल, अशी भीती त्यांनी घातली. खुद्द त्यांची भीती निराळी होती. आता वीजबिलाची माफी साडेसातापर्यंतच्या मोटारीला होती. पाचाची साडेसात निघाली तरी तो माणूस माफीतच राहत होता. साडेसाताची दहा निघाली तर बाहेर. म्हणजे झाकण उघडून खरं नुकसान व्हायचं ते एकट्या सुभेदारांचं, आणि त्यांच्या एका झाकणासाठी बाकीच्या सगळ्यांनी आपली झाकणं दाबून धरायची होती.

खाचांची गोष्ट कुणीतरी त्यांच्या कानावर घातली असावी. दुसऱ्या दिवशी ते शेडावर आले आणि उभ्यानंच बोलले.

"भामाबाई, साहेब सोमवारी येणार. त्येच्या आधी एक कानस घे आन् सगळ्या विहिरींवरनं फिरून ये. खाचा साफ झाल्या पायजेत."

"खाच हाताची हाय, सुभेदार. माझ्या हातानं पाडली. दुसऱ्याच्या सांगण्यावरनं ती जायाची न्हाई."

"मग ह्या शेडात एक मोटार येणार न्हाई. गाव माझं ऐकतं."

"गाव ऐकतं. मोटार ऐकती का बगा." असं म्हणून तिनं परत मोटारीत मान घातली.

अर्जुना आत वार्निशचे डबे लावत होता, त्यानं सगळं ऐकलं. जेवायला बसल्यावर तो म्हणाला, आपण गरीब माणसं, शेड बंद पडलं तर काय खायाचं, आणि सुभेदाराशी वाकडं घेऊन गावात राहायचं कसं. भामाबाईनं त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

"आवं, पाटी तुमच्या नावाची हाय. भ्यायाचं काम तुमी करा. मोटारीचं मी बगती."

सोमवारी सांगलीहून साईराज साहेब आले. चाळिशीचा माणूस, डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी, रोज पन्नास मोटारी लिहून कंटाळलेला. त्यांना लाईनीच्या शेवटापासनं सुरुवात करायला लावलं ते बिराप्पानं. म्हणाला, पयल्यांदा लांबचं उरकू, ऊन चढतंय. तो भामाबाईचाच सांगावा होता. मागनं निम्मं गाव चाललं होतं आणि सर्वांत मागं, पाय आपटत, सुभेदार.

वाटेत पहिली लागली ती बिराप्पाच्या शेजारची, अर्जुनाची विहीर. भामाबाई तिथं पान्हा घेऊन आधीच बसली होती. मोटार सुरू होती आणि झाकण काढून तिच्या मांडीवर होतं. साहेबांनी पट्टी वाचली, पाच लिहायला लागले, तशी ती म्हणाली,

"पट्टीवर पाच हाय, साहेब. आत साडेसात हाय. मीच भरलीया. साडेसात लिवा."

साहेबांनी पेन थांबवलं. जास्तीचं लिवा म्हणणारं माणूस त्यांना त्या महिन्यात भेटलं नव्हतं. त्यांनी पिशवीतनं तारेला चिमट्यासारखा धरायचा मीटर काढला आणि लावला. आकडा साडेसाताचा आला. मग भामाबाईनं झाकण उलटं करून सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि मोठ्यानं सांगितलं. एक खाच म्हणजे पट्टी खरी, दोन खाचा म्हणजे पट्टी खोटी. गावातल्या एकोणीस झाकणांत हेच आहे आणि पाडणारी मी आहे. कुणाचं नाव घ्यायची तिला गरज पडली नाही. तिनं किल्लीच सगळ्यांच्या हातात दिली होती.

गर्दीत कुणीतरी तिला आईवरनं शिवी हासडली. ती तिकडं वळली.

"शिवी दे, गड्या. पर आधी ह्ये सांग, तुजी पाचाची साडेसात निगाली तर तुजी माफी जाती का? न्हाई जात. मग कुणाचं भ्या तू आपल्या डोक्यावर वाहतुयास?"

तेवढ्यात बिराप्पा आपल्या विहिरीकडं गेला, झाकण काढून घेऊन आला आणि साहेबांच्या हातात ठेवलं. एक खाच. पाच लिहिलं. मग तिसऱ्या विहिरीवर मालकानं आपण होऊन पान्हा मागितला. दोन खाचा. चौथ्यावरही दोन. दुपारपर्यंत अठरा मोटारी लिहून झाल्या. ज्यांनी तासगावला भरून घेतल्या होत्या त्यांनीही खरा आकडा तोंडानं सांगितला, कारण आता लपवणारा एकटा उघडा पडणार होता.

राहिली सुभेदारांची.

ते पुढं निघून आपल्या मोटारीच्या खोलीत पोचले होते. बागेला पाणी सुरू होतं, मोटार घुमत होती. त्यांनी पोत्याची तीनपदरी घडी केली, थेट मोटारीवर टाकली आणि खुर्चीवर बसावं तसे बसले. झाकण त्यांच्या मांडीखाली, आणि मीटर धरायच्या तारा झाकणाखाली. म्हणाले, माझी मोटार, माझी विहीर, माझ्या परवानगीशिवाय कोण हात लावतंय ते मला बघायचंय. मोटारीच्या थरथरीनं त्यांचा आवाजही थरथरत होता, त्यामुळं दम म्हणावा तसा बसला नाही.

साहेब हळूच म्हणाले, जाऊ द्या बाई, साडेसात लिहून टाकतो. मला अजून दोन गावं करायची आहेत.

"साहेब, पावणेदोन झाल्यात. दोनपातुर थांबा."

आणि ती दारात खाली बसली. गाव खोलीबाहेर लिंबाच्या सावलीला टेकलं. कुणी तंबाखू मळली. सुभेदार सांगायला लागले की बर्फात अठरा महिने काढलेत मी, हातात बंदूक घेऊन, माझ्यापुढं कुणी बसून राहायचा खेळ करू नये.

"बर्फात काढलं आस्तील, सुभेदार. ह्यो बर्फ न्हवं."

भामाबाईला तिचा माल ठाऊक होता. एका खाचेची मोटार कोमट होते, तिच्यावर हिवाळ्यात मांजर झोपतं. साडेसाताच्या अंगात दहाचा जीव भरलेली, वैशाखातल्या उन्हात, सकाळपासनं चालू असलेली मोटार म्हणजे तवा. पाचव्या मिनिटाला सुभेदारांनी मांडी बदलली. आठव्या मिनिटाला ते एका अंगावर कलले आणि बोलणं थांबलं. दहाव्या मिनिटाला पोत्याला करपल्यासारखा वास यायला लागला. बाहेर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मोटार बंद करावी तर बटण दारापाशी, भामाबाईच्या डोक्यावर, आणि तिथवर जायचं तर उठायला पाहिजे.

दोन वाजायला चार मिनिटं कमी असताना सुभेदार उठले. उठले म्हणजे एकदम, कवायतीत उठावं तसे. कुणाकडं न बघता बाहेर गेले आणि पाणी सुटलेल्या पाटात ओल्या मातीत जाऊन उभे राहिले. पाय आपटला नाही.

भामाबाईनं बटण दाबलं, मोटार थांबली. पदर हाताला गुंडाळून तिनं झाकण काढलं आणि साहेबांपुढं धरलं. दोन खाचा. साहेबांनी दहा लिहिलं. सांगितलं, महिन्याच्या आत मोटार पट्टीप्रमाणं भरून आणली तर परत येऊन झाकण उघडून बघीन आणि साडेसात करीन, नाहीतर दहा ती दहा.

सुभेदारांनी आपला शब्द मात्र पाळला. शेडात मोटार येणं बंद झालं. तीन आठवडे भामाबाईनं आसपासच्या गावातले पंखे आणि मिक्सर भरले. अर्जुना रोज संध्याकाळी आज काय आलं म्हणून बघायचा. एकदा मात्र त्यानं शिडी लावली, पाटी खाली उतरवली, घासून पांढरी केली आणि तशीच कोरी परत टांगली. भामाबाईनं विचारलं, ह्ये काय? तर म्हणाला, रंगवणारा आला की तुज्या नावानं लिवतो. मला आता त्या पाटीवर बसवत न्हाई.

माळावर खांब रोवायला सुरुवात झाली. साहेबांकडनं निरोप आला की बेरीज वाढल्यामुळं डीपी मोठा मंजूर झालाय आणि प्लेटांच्या दोन रांगा जास्त बसतील.

चोविसाव्या दिवशी सुभेदारांचा ट्रॅक्टर शेडापुढं थांबला. ड्रायव्हरनं मोटार उतरवली. तासगावात नेता आली असती, पण आत काय भरलं ते सांगणारी खाच तिथं कुणी पाडत नव्हतं, आणि साहेब येऊन खाचच बघणार होते. ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, मालकानं सांगितलंय, पट्टीप्रमाणं भरा.

भामाबाईनं ती चार दिवसांत भरली. पट्टीला जेवढं, तेवढंच. जुन्या दोन खाचा सपाट केल्या आणि काठाच्या दुसऱ्या अंगाला एक नवी पाडली, जरा खोलच. मोटार ट्रॉलीत चढवल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, मालकाला काही निरोप?

"म्हणावं, आता खुशाल बसा."